मिटलेली पिवळी छत्री

प्रत्येकाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की गर्दीतून कुणाचा तरी हात वर उठलेला दिसतो आणि माणूस आपली वाट सोडून त्याच्यामागे मुकाट चालू लागतो. थोरामोठ्यांच्या बाबतीत तो हात नियतीचा असतो. चिमीच्या बाबतीत त्या हातात पिवळी छत्री होती, आणि छत्रीची एक काडी मोडलेली होती.

चिमी हे घरातलं नाव. घराबाहेर ती लिफ्ट-निरीक्षक होती. इमारतींमधल्या लिफ्ट वर्षातून एकदा तपासायच्या, दोर, ब्रेक, दरवाजे बघायचे आणि सगळं ठाकठीक असेल तरच सही करायची, हे तिचं काम. वय एकतीस. तिची सही मिळवण्यापेक्षा जिने चढलेले परवडतात, असं बिल्डर लोक म्हणत. तिच्या कानावर ते येई आणि तिला मनातून बरं वाटे.

जहाजाची ही सहल मुळात मधुचंद्राची. पण लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना नवऱ्यामुलाने विचार करायला थोडा वेळ मागितला. तसा तो पहिल्यापासूनच विचारी. हॉटेलात गेला तर मेनूकार्ड शेवटच्या पानापर्यंत वाचून मग पाणी मागवणारा. लग्न राहिलं. जहाजाचं तिकीट मात्र रद्द होत नव्हतं, फक्त माणसं बदलता येत होती. तेव्हा नवऱ्याच्या जागी आत्या आली आणि आत्याबरोबर आतोबा आले. केबिनमध्ये पलंगावर टॉवेलांचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसवले होते. आत्याने आल्या आल्या ते उलगडले आणि एकाने तोंड पुसलं.

त्या सकाळी जहाज बंदराला लागलं आणि चिमीचा फोन वाजला. विचाऱ्याचा निरोप होता. विचार करून झाला होता. झालं गेलं विसरून जावं असं त्याला वाटत होतं. तिचं काय ते संध्याकाळपर्यंत कळावं, हॉलवाला फार थांबायला तयार नव्हता. संध्याकाळनंतर कळवणं शक्यही नव्हतं, कारण या बंदरानंतर घर येईपर्यंत नुसतं पाणी होतं आणि पाण्यावर रेंज नव्हती.

आत्याचं मत तयार होतं. ‘अगं, मुलगा विचारी आहे. बाकीचे लग्न झाल्यावर विचार करत बसतात. याने आधीच उरकला.’ आतोबा भूगोलाचे निवृत्त मास्तर. गळ्यात दुर्बीण अडकवून ते लांबच्या वस्तूंकडे बघत आणि जवळच्या भानगडींपासून दूर राहत.

खरं सांगायचं तर हो म्हणायला चिमीची तशी हरकत नव्हती. राग कधीच ओसरला होता आणि त्याच्या जागी कंटाळा येऊन बसला होता. पुन्हा कुणीतरी नवा माणूस, पुन्हा त्याला पहिल्यापासून सांगायचं, की मला चहात साखर चालत नाही, मी झोपेत बोलते, आणि नाही, लिफ्ट तपासायला बाईमाणूसही चालतं. त्यापेक्षा हो म्हणणं सोपं. तिने फोन पिशवीत टाकला आणि संध्याकाळपर्यंत बघू म्हटलं.

धक्क्यावर गाईडने आपली माणसं गोळा केली. माझा चेहरा विसरलात तरी चालेल, तो म्हणाला, ही पिवळी छत्री विसरू नका. पाऊस आला तरी मी ती उघडणार नाही. ती आपलं निशाण आहे. मी भिजेन, पण छत्री मिटलेलीच राहील. आत्याला हे फार आवडलं. आजकाल कामावर एवढी निष्ठा कुठे राहिलीय, असं ती आतोबांकडे बघून म्हणाली.

पाऊस घड्याळाच्या मनोऱ्यापाशी आला. बारीक, तिरपा, आधी विचारून घेतल्यासारखा. चौकभर फटाफट छत्र्या उघडल्या. काळ्या, निळ्या, फुलाफुलांच्या. त्या सगळ्या गोल पाठींमधून एकच मिटलेली पिवळी छत्री ताठ उभी होती आणि पुढे पुढे चालली होती.

‘तो बघ,’ आत्या भारावून म्हणाली. ‘भिजतोय बिचारा.’

तिघंही निष्ठेमागून निघाली.

छत्री एका गल्लीत शिरली. गल्लीतून खिळे-स्क्रूच्या एका दुकानात शिरली. तिघंही आत गेली. गाईडने गल्ल्यावरच्या माणसाकडून पॉलिशचा कागद घेतला, तोवर आतोबांनी दुकानाचे फोटो काढले आणि आत्याने दुकान किती जुनं आहे याची चौकशी केली. सासऱ्यांचं आहे, गल्ल्यावरचा माणूस म्हणाला. आपल्या गटातले बाकीचे लोक कुठे गेले, हा प्रश्न चिमीला पडला होता. पण लोक खरेदीला लागले की असंच होतं, असं आत्याचं म्हणणं पडलं.

मग लिफ्ट आली. हे गाव डोंगराच्या अंगावर टांगल्यासारखं होतं. अर्धं खाली बंदराशी, अर्धं वर, आणि मधे सार्वजनिक लिफ्ट. चिमीने सवयीने भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलं. तारीख ठीक, सही ठीक. दोर कुरकुरत होता, पण तो म्हातारपणामुळे, आजाराने नव्हे. वर पोचल्यावर दार उघडलं आणि छत्रीवाला पहिल्यांदाच मागे वळून बोलला.

‘इथे पाय जपून टाका हं. लिफ्ट बोटभर वर थांबते.’

आत्याने आतोबांना कोपराने ढोसलं. बघा, गाईड असावा तर असा.

चिमीने खाली पाहिलं. बोटभरच होतं. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने लोकांना त्या बोटभर उंचीवर ठेचकाळताना पाहिलं होतं, शिव्या देताना पाहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा ठेचकाळताना पाहिलं होतं. अनोळखी माणसांना आपणहून सांगणारा आजवर कुणी भेटला नव्हता. केस ओले होऊन त्याच्या कपाळावर चिकटले होते. नाकावरून एक थेंब ओघळत होता, आणि एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुडकं असल्यामुळे त्याला तो पुसता येत नव्हता. त्याने खालचा ओठ पुढे काढून फुंकर मारली. थेंब उडाला. चिमीने पटकन दुसरीकडे बघितलं…

वरच्या गल्लीत त्याने एका दाराचं कुलूप काढलं, आत जाऊन छत्री खुंटीला टांगली आणि वळला. दारात तीन माणसं पायपुसण्यावर पाय पुसत होती.

खोलीच्या भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे मांडले होते. वरचे, खालचे, नुसत्या हिरड्या, मधेच एखादा भक्कम सुळा. आतोबांनी टोपी काढली.

‘वा,’ ते म्हणाले. ‘संग्रहालय.’

‘आपल्याला कोण हवंय?’ छत्रीवाल्याने विचारलं.

‘आम्ही पिवळा गट,’ आत्या म्हणाली. ‘हे कुठल्या काळातले दात?’

त्याने जरा विचार केला. ‘परवाचे.’

चिमीच्या डोक्यात उजेड पडला आणि पाठोपाठ तिचे कान तापले. ‘तुम्ही गाईड नाही,’ ती म्हणाली.

‘नाही. मी कवळ्या करतो.’

‘मग छत्री उंच धरून कशाला चालला होतात? तीही मिटलेली?’

‘उघडत नाही ती. एक काडी बाहेर आलीय. खाली धरली की कुणाच्या ना कुणाच्या पोटात घुसते. सकाळी एका बाईंच्या स्वेटरमध्ये अडकली, आम्ही दोघं चौकापर्यंत बरोबर चाललो.’

‘दुरुस्तीला का नाही दिलीत?’

‘द्यायलाच गेलो होतो. छत्र्या दुरुस्त करणारा दुकान बंद करून घरी गेला होता. पाऊस आला ना.’

चिमीला हसू येत होतं आणि हसायची ही वेळ नव्हती. ‘आम्ही तुमच्या मागे मागे येतोय, हे कळलं नाही तुम्हाला?’

‘स्क्रूच्या दुकानात शंका आली. लिफ्टमध्ये खात्री झाली. पण वळून विचारणं बरं दिसेना… तुमचाही रस्ता असू शकतो.’

बाहेर पावसाने आता जोर धरला होता. गाईड नसलेल्या त्या माणसाने तिघांना बसायला दिलं, चहा टाकला आणि डब्यातून बिस्किटं काढली. चिमीने साखर नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, की साखर संपलीय, चालेल ना. बिस्किटांबद्दल त्याने सांगितलं, की ती जरा कडक आहेत, आधी बुडवून घ्या. आत्याने मानाने घेतलेलं बिस्कीट न बुडवता दाताखाली घातलं.

आवाज छोटाच झाला. पण त्या खोलीत तो आवाज ओळखणारा माणूस बसलेला होता. तो कप खाली ठेवून उठला आणि अदबीने रुमाल पुढे करून उभा राहिला.

आत्याला कवळी आहे हे चिमीला आजवर माहीत नव्हतं. आतोबांना माहीत असावं, कारण त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावून समोरच्या भिंतीकडे बघायला सुरुवात केली. आत्या वळली, रुमालात काहीतरी ठेवलं, आणि स्वतःचा रुमाल तोंडावर धरून खुर्चीत ताठ बसून राहिली. मोडलेल्या कवळीसह माणसाने जावं अशी याहून सोयीची जागा जगात नसेल. पण सोय झाली म्हणून अपमान कमी होत नाही.

‘होईल नीट,’ तो आत्याला म्हणाला. ‘तुमच्या कवळीचा दोष नाही, आमच्या बिस्किटांचा आहे. आज रात्री जेवाल तुम्ही हिने.’

मग तो कामाला बसला. दोन तुकडे चिकट मेणाने जुळवून त्याने पाठीमागून प्लास्टरचा साचा ओतला. साचा घट्ट झाल्यावर मेण काढलं, मोडल्या कडा घासून तिरप्या केल्या आणि भेगेत गुलाबी लगदा इवल्याशा ब्रशने थेंब थेंब भरला. त्याची बोटं घाई करत नव्हती. चिमीने लिफ्टचे मेकॅनिक पुष्कळ पाहिले होते. हात बघून माणूस ओळखता येतो, असा तिचा अनुभव होता. हा हात तिने तिथल्या तिथे पास केला.

शेवटी त्याने साच्यासकट कवळी कोमट पाण्याच्या एका जाड भांड्यात सोडली. भांडं म्हणजे कुकरचा थोरला भाऊ. झाकण आवळून त्याने पंपाने आत हवा भरली. झाकणावरच्या तबकडीतला काटा चढला. दाबाखाली लगदा घट्ट होतो, बुडबुडे राहत नाहीत, असं त्याने सांगितलं. भांड्यातून बारीक शीळ येत होती.

‘हवा जातेय,’ चिमी म्हणाली. ‘वायसर गेलाय तुमचा.’

‘जुना आहे.’

‘बदला की.’

‘बदलला तर मला कळणार कसं? हवा हळूहळू जाते, काटा शून्यावर आला की दात तयार. बरोबर तेवढाच वेळ लागतो. या वायसरने मला आजवर कधी फसवलेलं नाही.’

असलं काही कुणी लिफ्टबद्दल बोललं असतं तर चिमीने जागच्या जागी सील ठोकलं असतं. इथे तिने नुसतं काट्याकडे बघितलं. भांडं त्याच्या पाठीमागच्या ओट्यावर होतं आणि तो तिच्या समोर स्टुलावर बसला होता, त्यामुळे काटा तिलाच दिसत होता. तुम्ही तेवढं सांगा मला, तो म्हणाला. तुमचं कामच आहे ना ते.

ती कामाबद्दल कधी बोलली होती, हे तिला आठवेना. मग आठवलं, की साचा घट्ट होईपर्यंत आपण लिफ्टच्या ब्रेकबद्दल बरंच बोललो. आणि तो ऐकत होता. विचारी ऐकताना मान हलवायचा, हा हलवत नव्हता. हा मधेच विचारायचा, की मग दोर तुटला तर?

‘दोर सहसा तुटत नाही. लोकांना उगीच भीती असते,’ तिने सांगितलं. ‘लिफ्ट चांगली कुठली, ठाऊक आहे? आपण लिफ्टमध्ये आहोत हे ज्यात विसरायला होतं ती.’

‘कवळीचंही तसंच.’

‘म्हणजे तुमच्या-माझ्या कामाची कुणाला आठवणच यायला नको.’

‘येते ना. बिघडलं की येते.’

आतोबा खुर्चीत झोपी गेले होते. आत्या जागी होती, अगदी टक्क जागी, रुमालाआडून एकदा हिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत. एरवी एवढ्यात तिने विचाऱ्याची बाजू तीनदा मांडली असती. पण तिचा मुद्दा पाण्याखाली होता.

म्हणून मग ती गोष्ट चिमीनेच सांगितली. का सांगितली कुणास ठाऊक. मधुचंद्राचं तिकीट, राजहंस, संध्याकाळपर्यंतची मुदत. तिने ती एखाद्या बंद पडलेल्या लिफ्टचा अहवाल द्यावा तशी सांगितली. तो हसला नाही आणि हळहळलाही नाही. हातातला पॉलिशचा कागद उलटसुलट करत राहिला.

‘मोडलेलं जोडता येतं का, असं लोक मला रोज विचारतात,’ तो म्हणाला. ‘येतं. पण आधी तुकडे सगळे आणा, असं मी सांगतो. एक जरी हरवला असेल तर जोडू नये. दिसायला जुळतं, पण चावताना टोचत राहतं.’

‘तुम्ही… कवळीबद्दल बोलताय ना?’

‘मला दुसऱ्या कशातलं कळत नाही.’

तिने त्याच्याकडे बघितलं. तो कागदाकडे बघत होता. कागदात बघण्यासारखं काही नव्हतं.

‘काटा?’ त्याने विचारलं.

‘आहे अजून थोडी हवा,’ ती म्हणाली. तेव्हा ती खरंच होती.

मग त्याने मांजराची गोष्ट सांगितली. गल्लीतलं एक मांजर खिडकीतून आत यायचं आणि उबेला म्हणून मऊ मेणावर बसायचं. एकदा ते एका आजोबांच्या मापावर बसलं, ते याच्या लक्षात आलं नाही, आणि याने त्या मापावरून कवळी करून दिली. आजोबा दुसऱ्या दिवशी आले ते तक्रार करायला नव्हे. ही पहिल्या कवळीपेक्षा बरी बसते, म्हणाले. त्या मांजराला पुढे आठवडाभर दूध होतं.

चिमी हसली. पुष्कळ दिवसांनी अशी हसली, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसून तिने सवयीने तबकडीकडे पाहिलं. काटा शून्यावर होता.

‘कुठे आहे?’ त्याने विचारलं.

खिडकीच्या काचेवरून थेंब एकमेकांत मिसळत खाली येत होते. चहा गार झाला होता. नोकरी लागल्यापासून चिमीने चुकीचं रीडिंग कधी दिलं नव्हतं. दोघा मंत्र्यांना तिने जिन्याने चढवलं होतं.

‘आहे,’ ती म्हणाली. ‘अजून… बऱ्यापैकी आहे.’

‘बरं,’ तो म्हणाला, आणि त्याने नव्याने चहा टाकला.

त्यानंतर ती दोघं कशाबद्दल बोलली हे पुढे चिमीला नीटसं सांगता आलं नाही. त्याला थोरली बहीण होती, तिला जुळी मुलं होती, आणि ती पोरं त्याच्याकडे आली की जबडे पुढे-मागे हलवून त्यांचं भांडण लावायची. तो झोपेत बोलत नव्हता, पण घोरत असावा, एकटा राहत असल्याने खात्री देता येत नव्हती. तो दर थोड्या वेळाने काट्याची चौकशी करी, ती दर वेळी थोडी हवा शिल्लक ठेवी. एकदा तिने तबकडीकडे बघितल्याशिवायच उत्तर दिलं.

खालून बंदरातून जहाजाचा भोंगा वाजला. आतोबा दचकून उठले. आत्याने रुमालाआडून एक लांब आवाज काढला, त्यात व्यंजनं नव्हती पण अर्थ होता.

‘शून्य,’ चिमी म्हणाली.

पुढचं सगळं घाईने झालं. त्याने कवळी काढून चाकावर घासली, पावडर लावून चकचकीत केली, धुतली आणि पाठ फिरवून उभा राहिला. आत्यानेही पाठ फिरवली. ती पुन्हा वळली तेव्हा तिला तोंड होतं आणि घड्याळापेक्षा तिला दुसरी काळजी होती.

‘घरी कोण कोण असतं तुमच्या?’ तिने त्याला विचारलं.

चिमीने डोळे मिटून घेतले. कुणाला घरी कोण कोण असतं असं आत्याने विचारणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. विचाऱ्याला तिने हे दुसऱ्या भेटीत विचारलं होतं.

तो त्यांना पोचवायला निघाला. पाऊस थांबला होता, तरी त्याने छत्री बरोबर घेतली. आता छत्र्या दुरुस्त करणारा दुकान उघडेल, असं त्याचं म्हणणं होतं. लिफ्ट खाली आली, आत्या आणि आतोबा पुढे झाले. खालच्या मजल्यावरही लिफ्ट बोटभर वरच थांबली. तो आधी उतरला आणि त्याने वळून हात पुढे केला. बोटभर उंचीला हाताची गरज नसते, नियमात तशी तरतूद नाही. चिमीने हात धरला आणि बोटभर उतरली. हात ताबडतोब सोडायला हवा होता. तो त्यांनी दुकानांच्या ओळीपर्यंत सोडला नाही.

बंदराच्या फाटकाशी माणसांची रांग होती. तिथे तिने फोन काढला आणि रांगेत उभ्याउभ्याच विचाऱ्याला लिहिलं. ‘नाही. कळवायला उशीर झाला, पण विचार करावा लागला नाही.’ फोन पिशवीत टाकताना तिला उगीचच भूक लागल्यासारखं वाटलं.

‘काय कळवलंस?’ आत्याने विचारलं.

‘नाही म्हणून.’

‘हॉल चांगला होता गं,’ आत्या म्हणाली, आणि आतोबांना दंडाला धरून पुढे घेऊन गेली. जाताना उगीचच म्हणाली, की रांगेत चौघांनी कशाला गर्दी करायची.

आता दोघंच उरली. भोंगा पुन्हा वाजला. छत्रीची मोडकी काडी आणि तो, दोघेही वेगवेगळ्या दिशांना बघत होते.

‘भांडं केव्हाच गप्प झालं होतं,’ तो म्हणाला. ‘हवा जाते तेव्हा शीळ वाजते ना. ती थांबली तेव्हा आपण मांजराशी होतो.’

चिमीचे कान पुन्हा तापले. ‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘रीडिंग तुम्ही देत होतात. निरीक्षकावर मी कसा अविश्वास दाखवणार?’

‘चुकीचं दिलं मी,’ ती म्हणाली. ‘आयुष्यात पहिल्यांदा. मला… उठायचं नव्हतं.’

‘मलाही चहा नको होता,’ तो म्हणाला. ‘दोन्ही वेळेला.’

मग त्याने घसा साफ केला. दुरुस्त केलेली कवळी आठ-दहा दिवसांनी एकदा बघावी लागते, तो म्हणाला, कुठे टोचत असेल तर घासावी लागते. तुमच्या गावाला यायला मला रात्रीची गाडी आहे. अर्थात टोचत नसेल तर…

‘टोचणार,’ रांगेत बऱ्याच पुढे असलेली आत्या मागे न बघता म्हणाली. ‘मला आत्ताच वाटतंय. नक्की टोचणार.’

फाटकावरच्या शिपायाने पास बघून चिमीला आत घेतलं. ‘मी छत्री उंच धरतो,’ तो पलीकडून म्हणाला. ‘वरून तुम्हाला दिसेल.’

जिना चढताना आत्याने सांगितलं, की काटा तिलाही दिसत होता. अगदी समोर. पहिल्यापासून.

‘मग बोलली का नाहीस?’

‘दात कुठे होते?’

जहाज सुटलं तेव्हा चिमी कठड्याशी होती. पाऊस पुन्हा बारीक सुरू झाला. धक्क्यावर निरोप द्यायला आलेल्यांच्या छत्र्या उघडल्या. काळ्या, निळ्या, फुलाफुलांच्या. आणि त्यांच्या मधोमध एक पिवळी छत्री, मिटलेली, ताठ, उंच. ती इकडून तिकडे हलत होती. चिमीने हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. मग गळ्यातली ओढणी काढून हलवली, आणि हलवता हलवता रडली, चांगली मोकळेपणाने, शेजारच्या बाईंनी कागदी रुमाल देईपर्यंत. छत्रीही हलत राहिली. दोघांमध्ये पाणी वाढत गेलं.

शेजारी आतोबांनी दुर्बीण लावली आणि नीट फिरवून स्पष्ट केली.

‘तो आपला गाईड आहे,’ ते म्हणाले. ‘माणसं मोजतोय. तीन कमी भरत असणार.’

छत्रीवाल्याला शिपायाने आत सोडलंच नव्हतं. हे त्याने तिला लग्नानंतर सांगितलं, एका सकाळी, बिनसाखरेचा चहा पिताना. तो फाटकाबाहेर गोदामाच्या मागे छत्री उंच धरून अंधार पडेपर्यंत उभा होता. तिथून जहाज दिसत नाही.